झेंडा उतरवायला कोण जाणार?

तिरंग्यासोबत सेल्फी, माजी सैनिक आजोबांसोबत रील... ऑगस्ट आणि जानेवारीत आपलं देशप्रेम फुल्ल चार्ज असतं. बाकीच्या दिवसांचं काय? ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त एका नातीचा हा कबुलीजबाब.

गेल्या १५ ऑगस्टला मी एक रील टाकलं. सातारा तालुक्यातलं आमचं गाव, गच्चीवर फडकणारा तिरंगा, मागे ढगात अर्धा बुडालेला डोंगर आणि झेंड्यासमोर सावधानमध्ये उभे असलेले माझे आबा. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, वय पंचाहत्तर. अंगात नेव्ही ब्लू ब्लेझर, छातीवर मेडल्स, डोक्यावर पलटणीची टोपी. मी तीन टेक घेतले. तिसऱ्या टेकला वारा बरोबर आला, झेंडा पूर्ण उलगडला आणि त्याच क्षणी आबांचा सॅल्यूट पडला. वर एक गाणं लावलं. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार व्ह्यूज!

कमेंट्सचा पाऊस सुरू होता. ‘रिस्पेक्ट’, ‘सॅल्यूट आजोबा’, ‘खरे हिरो’. मी ओट्यावर बसून एकेकाला हार्ट देत होते. आबा शेजारी येऊन बसले.

‘‘किती जणांनी बघितलं म्हणालीस?’’

‘‘चाळीस हजार, आबा!’’

‘‘बरं. मग त्यातला एखादा येतोय का झेंडा उतरवायला? पाऊस आला बघ.’’

मी हसले. ‘‘दोन मिनिटं आबा, एवढ्या कमेंट्स बघते आणि जाते,’’ म्हणाले. दोन मिनिटांची वीस कधी झाली कळलं नाही. वर बघितलं तर आबा कठडा धरून, एकेक पायरी चढून, गच्चीवर पोहोचले होते. त्यांचे गुडघे दुखतात. मला माहीत होतं. तरीही मी खालीच होते.

त्या दिवशी मला याचं फार काही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. वाटलं ते नोव्हेंबरात. तिथपर्यंत येतेच, पण त्याआधी त्या ओल्या झेंड्याचं काय झालं ते सांगू द्या.

घडी घालायची एक पद्धत असते

आबांनी झेंडा खाली आणला आणि माजघरात दोरीवर वाळत घातला. जमिनीला टेकणार नाही, इतका वर. दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. ‘‘ये, घडी घालाय शीक. टॉवेलासारखी न्हाय घालायची.’’

झेंडा आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा मधल्या पांढऱ्या पट्ट्याखाली दुमडायचा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा आत घ्यायचा की वर फक्त अशोकचक्र दिसेल, सोबत केशरी-हिरव्याची जरा जरा किनार. ती घडी दोन्ही तळहातांवर ठेवून न्यायची आणि जपून ठेवायची. मी चार वेळा चुकले. आबा एकदाही चिडले नाहीत, फक्त ‘‘जैसे थे’’ म्हणून पुन्हा उलगडायला लावलं.

मला वाटलं, हे आबांचं फौजी खूळ असेल. पुण्याला परत आल्यावर शोधलं, तर शासनाने सांगितलेली पद्धतही अगदी हीच निघाली. मग ध्वजसंहिताच वाचायला घेतली. मास कॉमच्या तीन वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती, हा आणखी एक कबुलीजबाब.

‘भारतीय ध्वजसंहिता, २००२’ वाटते तितकी किचकट नाही. झेंड्याच्या लांबी-उंचीचं प्रमाण ३:२, चक्राला २४ आरे, केशरी रंग वर, एवढं शाळेत झालेलं असतं. पण मला नवीन कळलेल्या गोष्टीही बऱ्याच होत्या. पूर्वी तिरंगा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचाच लागायचा. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरचा आणि मशिनवर बनवलेला झेंडाही चालू लागला. जुलै २०२२ मध्ये आणखी एक बदल झाला. नागरिकांना आपल्या घरावर झेंडा दिवसा आणि रात्रीही फडकवता येईल, अशी मुभा मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आलं आणि आपल्या सगळ्यांच्या बाल्कनीत झेंडा पोहोचला.

म्हणजे नियमाने बघितलं, तर त्या संध्याकाळी आबांनी झेंडा उतरवला नसता तरी चाललं असतं. मी त्यांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘‘सरकारनं सवलत दिली, ते बरंच झालं. पण सवलत झेंडा लावायला दिलीय. विसरून जायला न्हाय.’’

हे विसरणं आपल्याकडे सर्रास दिसतं. आमच्या होस्टेलच्या गल्लीत एका बाल्कनीतला झेंडा ऑक्टोबर उजाडला तरी तसाच होता. उन्हाने केशरी रंग फिका पडून पांढऱ्यात मिसळलेला, एक कोपरा फाटलेला. लावणाऱ्याच्या मनात अपमान करायचं काहीच नसणार. हौसेने आणला, लावला, विसरला. फाटलेला, मळलेला झेंडा लावू नये, असं संहिता स्पष्ट सांगते. मग त्याचं करायचं काय?

हा प्रश्न मी वर्गातल्या मित्रमैत्रिणींना विचारला. ‘कपाटात ठेवायचा’, ‘नदीत सोडायचा’, ‘एनजीओला द्यायचा’ अशी उत्तरं आली. संहितेत लिहिलंय, की असा झेंडा पूर्णच्या पूर्ण, खासगीत, त्याचा मान राखला जाईल अशा पद्धतीने नष्ट करावा, शक्यतो जाळून. हे सांगितल्यावर एक मित्र दचकलाच. ‘‘जाळायचा? आत टाकतील ना!’’ त्याची भीती अगदीच चूक नव्हती. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी झेंडा जाळणं, फाडणं, तुडवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण जीर्ण झालेल्या झेंड्याला एकांतात, आदराने निरोप देणं ही वेगळी गोष्ट आहे. कागदी झेंड्यांनाही हेच लागू. हातात धरून हलवायला परवानगी आहे, कार्यक्रम संपल्यावर रस्त्यावर टाकायला नाही.

संहितेतल्या एका कलमापाशी मात्र मी थांबले. सैनिकाच्या अंत्यसंस्कारात झेंडा पार्थिवावर पांघरतात, तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे असतो. आणि तो झेंडा चितेत जाऊ द्यायचा नसतो. तो आधी काढून घ्यायचा. आमच्या सातारा जिल्ह्यात हे दृश्य बघितलेली माणसं गावोगाव सापडतील. आबा टॉवेलासारखी घडी का घालू देत नाहीत, ते मला तेव्हा जरा कळलं.

जिवंत आहे, हे सांगायला तीन फेऱ्या

नोव्हेंबरात सबमिशन संपवून दोन दिवस गावी गेले. आबा ओसरीवर बसून उजव्या हाताच्या अंगठ्याला खोबरेल तेल चोळत होते.

‘‘काय झालं आबा, भाजलं का?’’

‘‘न्हाय गं. ठसा उठत न्हाय. जिवंत हाय एवढं सांगाय तीन येळा जाऊन आलो.’’

पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेकांचा तो नोव्हेंबरात असतो. आबा पहिल्यांदा बँकेत गेले. तिथे सांगितलं, ‘तुमची पेन्शन आता ‘स्पर्श’वर गेलीय, आमच्याकडे नाही.’ स्पर्श म्हणजे संरक्षण खात्याची पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था. आबांना स्पर्श हा शब्द माहीत, व्यवस्था नाही. दुसऱ्यांदा एसटीने तालुक्याला, एका सेवा केंद्रात. मशिनवर अंगठा ठेवला, ठसा जुळेना. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. ‘हात स्वच्छ धुऊन, तेल लावून चार दिवसांनी या,’ असं सांगून परत पाठवलं.

ठसा उठेल कसा? पलटणीतून आल्यावर आबांनी काही वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचं काम केलं आणि नंतर सगळा काळ उसात, खुरपं आणि फावडं हातात धरून. बोटांवरच्या रेषा शेतात झिजल्या. आपल्याला वाटतं, फौजी रिटायर झाला म्हणजे म्हातारा झाला. साधा जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. पोरं शाळेत असतात, आईबाप थकलेले असतात आणि त्याला दुसरं आयुष्य शून्यापासून सुरू करायचं असतं. आबा आले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. रीलमध्ये मी त्यांची सतरा वर्षं दाखवली होती. नंतरच्या चाळीस वर्षांबद्दल मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं.

मी म्हणाले, ‘‘मला फोन का नाही केला?’’

यावर आजी आतून म्हणाली, ‘‘मागच्या साली तर दोन महिने पेन्शन अडकली होती. दाखला येळेत गेला न्हाय. मेडिकलवाल्याकडं माझ्या बीपीच्या गोळ्या उधारीवर घेतल्या. तुझी परीक्षा होती म्हणून तुला सांगितलं न्हाय.’’

‘‘कधी?’’

‘‘डिसेंबर, जानेवारी.’’

मी उठून आत गेले आणि फोनमध्ये जुन्या स्टोऱ्या काढल्या. २६ जानेवारी. आबांचा ब्लेझरमधला फोटो, खाली तीन तिरंगे आणि हॅशटॅग प्राउडग्रँडडॉटर. त्या दिवशी आबांची पेन्शन बंद होती आणि आजीच्या गोळ्या उधारीवर होत्या.

यापुढे काय वाटलं ते लिहिणार नाही. जे केलं ते लिहिते.

डोळ्यांची उघडझाप करा, आबा!

हयातीचा दाखला घरबसल्या, चेहरा दाखवून देता येतो. बोटांचा ठसा लागतच नाही. ही सोय २०२१ पासून आहे. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन ॲप्स लागतात. आधी फोन वापरणाऱ्याची म्हणजे माझी ओळख पटवायची, मग पेन्शनरचा आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि पेन्शन कुठून येते ते भरायचं. आबांनी काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदांची फाइल काढली. मी एकेक रकाना भरत गेले.

मध्येच ॲपने विचारलं, पुनर्विवाह झाला आहे का? मी मोठ्याने वाचलं. आजी म्हणाली, ‘‘विचार त्यांनाच, मला तर काय म्हायती न्हाय.’’ आबा पहिल्यांदा मोकळे हसले.

मग कॅमेरा. आबा खुर्चीतून उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभे राहिले. ॲप म्हणतंय डोळ्यांची उघडझाप करा, आणि आबा पापणी हलवायला तयार नाहीत.

‘‘आबा, डोळे मिचकवा!’’

‘‘सावधानमध्ये कोण डोळे मिचकवतं?’’

‘‘मग विश्राम!’’

चौथ्या प्रयत्नात जमलं. मेसेज आला, प्रमाण आयडी मिळाला. दहा मिनिटं लागली असतील. ज्या फोनवर मी रील शूट केलं होतं, त्याच फोनवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ओट्यावर चार जण येऊन बसले होते. आबांनी गावात सांगितलं होतं, ‘नात करून देती.’ दोन माजी सैनिक, दोन सैनिकांच्या पत्नी. दुपारपर्यंत तिघांचं झालं. एका आजींचं नाही झालं. लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. फौजेच्या कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पती गेल्यापासून या एका फरकासाठी त्या हेलपाटे घालत होत्या. ॲपकडे यावर उपाय नव्हता. आबांनी सांगितलं आणि मी अर्ज लिहिला. तो घेऊन त्या साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आल्या आहेत. काम अजून झालेलं नाही. झालं की सांगते, असं त्या म्हणाल्यात. माझा नंबर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलाय.

तो दुसरा झेंडा

आमच्या तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याच्या नावापुढे चक्क ‘मिलिटरी’ लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. अशा भागात वाढूनही मला ७ डिसेंबर म्हणजे शाळेत दहा रुपये देऊन घेतलेला स्टिकर, एवढंच आठवत होतं. लाल, गडद निळा आणि फिका निळा. भूदल, नौदल, हवाई दल. तो छोटासा झेंडा शर्टाला लावायचा आणि सुट्टीत मित्राच्या कपाळावर चिकटवायचा.

१९४९ पासून हा दिवस पाळला जातो. या दिवशी जमणारा निधी युद्धात जखमी झालेले जवान, वीरपत्नी, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतो. सैनिकांच्या मुलामुलींच्या वसतिगृहांपासून शिष्यवृत्तीपर्यंतची कामं ज्या सैनिक कल्याण विभागाकडून होतात, त्याचंच कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात हा निधी गोळा करतं. १५ ऑगस्टचा झेंडा आपल्याला मान वर करायला लावतो. हा तीन रंगांचा झेंडा खिशात हात घालायला लावतो. म्हणून तो कमी फोटोजेनिक असावा!

उशिरा कौतुक करण्यात आपण तसेही तरबेज आहोत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात देशाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ मध्ये, ‘चंदू चॅम्पियन’ आल्यावर. ५२ वर्षांनी!

हे सगळं सांगितल्यावर वर्गातली मैत्रीण म्हणाली, ‘‘म्हणजे स्टोरी टाकायचीच नाही का? स्टोरी टाकली तर बिघडलं काय?’’ काहीच नाही. आबांना ते रील आवडलं होतं. पाहुण्यांना ते अजून दाखवतात. प्रेम खोटं नव्हतंच. फक्त ते गच्चीवरून खाली उतरत नव्हतं.

एवढं करून बघा

* तुमच्या घरात, सोसायटीत, कॉलेजच्या गेटवर कोणी माजी सैनिक किंवा सैनिकाची पत्नी असेल, तर फक्त एक प्रश्न विचारा : ‘हयातीचा दाखला गेला का?’ गेला नसेल तर तुमचा फोन द्या. ओटीपी आणि कागद मात्र त्यांच्यासमोरच वापरा आणि त्यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवू नका.
* प्रमाण आयडी आला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. माहिती चुकली असेल तर दाखला नाकारला जाऊ शकतो. काही दिवसांनी स्टेटस तपासा.
* नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. अर्ज लिहून द्यायला आणि सोबत जायला माणूस हवा असतो. तो माणूस तुम्ही व्हा.
* ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीत जमेल तेवढी रक्कम टाका. कॅन्टीनमधल्या एका कोल्ड कॉफीएवढी चालेल.
* १६ ऑगस्ट आणि २७ जानेवारीला आपल्या गल्लीत एक फेरी मारा. पडलेले झेंडे उचला. बाल्कनीत फिका पडलेला तिरंगा दिसला, तर बेल वाजवून नीट सांगा. व्हिडीओ काढून व्हायरल करू नका.

आणि २६ जानेवारीला?

पुण्याला निघायच्या आदल्या रात्री आबांनी फाइल परत ट्रंकेत ठेवली. मी पहिल्यांदाच नीट आत डोकावले. एका बाजूला आपल्या जुन्या खादीच्या झेंड्याची घडी, वर चक्र. त्याला लागून पीपीओची, बँकेची, दवाखान्याची कागदं. वर्षानुवर्षं आबांनी ही दोन्ही एकाच ट्रंकेत, शेजारी शेजारी जपली. मी मात्र त्या ट्रंकेतून फक्त झेंडाच बाहेर काढायला सांगायचे.

मित्र विचारतात, यंदा २६ जानेवारीला रील करणार का? करणार की! ब्लेझर इस्त्रीला टाकायला सांगितलाय. पण त्या दिवशी संध्याकाळी माझा फोन ओट्यावर राहील आणि झेंडा उतरवायला मी वर जाईन. आबा खाली खुर्चीत बसून बघतील. घडी चुकली, तर ‘‘जैसे थे’’ म्हणायला ते आहेतच.